टाचेचं माप

शके एकोणीसशे, मार्गशीर्ष वद्य पक्ष. इंग्रजी साल एकोणीसशे अठ्ठ्याहत्तर, महिना डिसेंबर. भात झोडून झालं होतं. कुळीथ पेरला होता. घाटावरून उतरणारा वारा भरदुपारीही अंगावरची घोंगडी काढू देत नव्हता.

"मग तो आहे की नाही? एवढंच सांगा."

लवूने विचारलं. बुवांनी धुनीतलं लाकूड पुढे सारलं.

"बुवा, संशय फिटला पाहिजे. त्यासाठीच आलोय."

"तुझा की गावाचा?"

"गावाचा. मला संशय नाही."

"बरं."

सोमगिरी बुवांचा मठ कासरखोल गावाच्या वरच्या अंगाला, जिथे रान सुरू होतं तिथे. एक खोली, एक पडवी, एक धुनी. बुवा मूळचे घाटावरचे. गावातले तंटे त्यांच्यासमोर यायचे. बुवा हो म्हणाले की गाव हो म्हणायचं. नाही म्हणाले की विषय संपला. त्यांच्याशी गाव शाळेतलं मराठी बोलायचं आणि आपसात मालवणी. मी मठात राहत होतो. लाकूडफाटा माझ्याकडे होता. पुढ्यात झालं ते लिहितो.

लवू हा भिवाचा मुलगा. भिवाच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या चामड्याचं काम. वेताळाच्या वहाणाही त्याच घरातून जायच्या. वेताळ रात्रभर फिरून गावाची राखण करतो, असं आमच्याकडे मानतात. म्हणून दर जत्रेला त्याला हातभर लांबीच्या नव्या वहाणा वाहायच्या. वर्षाने पाहावं तर त्या झिजलेल्या असतात.

लवू मात्र शिकला. कोल्हापूरच्या कॉलेजात जनावरांची हाडं आणि कातडी यांविषयी शिकवायचा. गाव त्याला सर म्हणायचं. निदान तोंडावर.

भिवा गेल्या श्रावणात वारला होता. रानात आपल्याला रानमाणूस भेटला, असं तो गावाला सांगत आला होता.

लवूने पुढ्यातलं गाठोडं सोडलं. आधी एक पुडी काढली. पुडीत काळे, राठ केस होते.

"हे करवंदीच्या जाळीत अडकले होते. हे अस्वलाचे आहेत. मी कॉलेजात काचेखाली धरून पाहिलेत."

"मग आणलेस कशाला?"

"तुमच्यापासून काही लपवायचं नाही म्हणून."

बुवांनी मान हलवली. पुडी बाजूला ठेवली.

मग लवूने दोन्ही हातांनी एक पांढरी वस्तू उचलून बुवांपुढे ठेवली. प्लास्टरचं पाऊल होतं. एवढं मोठं पाऊल मी कधी पाहिलं नव्हतं. पाच बोटं. चवडा रुंद. टाच त्या मानाने निमुळती.

"व्हाळाच्या काठी उमटलं होतं. आश्विनात, पाऊस ओसरल्यावर. चिखल ओला होता. मी प्लास्टर ओतलं आणि सुकेपर्यंत तिथून हललो नाही."

"एकच?"

"पुढे खडक आहे. मागे पाणी. एकच उमटलं."

"अस्वल मागचं पाऊल पुढच्यावर टाकतं."

"ठाऊक आहे, बुवा. दोन ठसे मिळून एक लांब दिसतो. मी तेही पाहिलं. नखं उमटलेली नाहीत. अस्वलाची नखं उमटल्याशिवाय राहत नाहीत."

"पाणी वरून गेलं तर?"

लवूने ठशाच्या बोटांवरून अंगठा फिरवला.

"तर पुसली जातील," शेवटी तो म्हणाला. खोटं बोलणारा माणूस नव्हता तो.

बुवांनी ते पाऊल उलटसुलट करून पाहिलं. वजन हातावर तोललं. खाली ठेवलं. मग धुनीच्या कडेची बारीक राख हाताने सपाट केली. उजव्या हाताची मूठ वळली आणि तिची करंगळीकडची बाजू राखेत दाबली. वर बोटाच्या टोकाने पाच ठिपके दिले.

राखेत लहान मुलाचं पाऊल उमटलं. गोकुळाष्टमीला आमच्या बायका उंबरठ्यापासून देवघरापर्यंत तांदळाच्या पिठाची अशीच पावलं काढतात.

"हे कुणाचं?" बुवांनी विचारलं.

"बाळकृष्णाचं."

"आला होता का?"



"म्हणजे माझा ठसा खोटा?"

"ठसा खरा आहे," बुवा म्हणाले. "मूठही खरी आहे."

तेवढ्यात दाजी परब आले. दाजी गावचे मानकरी. अमावास्येला वेताळाची जत्रा होती. तिचा नारळ मठात ठेवायला ते आले होते. लवूला पाहून पायरीवरच थांबले. प्लास्टरच्या पावलाकडे बघत त्यांनी तपकिरीची चिमूट ओढली.

"काय रे लवू, बापाशीचा भूत घेवन इलस?"

"भूत नाय, दाजीनू. पाय."

"पायच बरो. तुझ्या बापाशीन तोंड बघूक नाय, नुसत्यो टाचो बघितल्यान." दाजी बुवांकडे वळले. त्यांच्याशी बोलताना भाषा बदलली. "बुवा, भिवा हुशार माणूस. वेताळाच्या वहाणा होत्याच, त्यात रानमाणसाच्या वाढवायच्या होत्या. गिऱ्हाईक बरं गाठलं होतं. मापाला येत नाही, भाव करत नाही, चावतात म्हणून परत आणत नाही."

आणि ते हसले. दाजींचं हसणं वाईट नव्हतं. ते सवयीचं होतं. गाव भिवाला असंच हसत आलं होतं. पण लवूच्या हाताची बोटं गुडघ्यावर घट्ट झाली.

"हेच," तो बुवांना म्हणाला. "हेच बंद करायचंय. ज्या व्हाळावर ते घडलं त्याचं नावच यांनी थापेचा व्हाळ ठेवलंय. माझ्या मुलांना तो व्हाळ कुठला म्हणून विचारलं, तर तीही तेच नाव सांगतात. आजोबा खोटारडा होता हे त्यांना पाण्याच्या नावावरून कळणार. मला ते नको. अमावास्येला सगळं गाव देवळापुढे बसेल. तिथे तुम्ही एवढंच म्हणा, की तो आहे."

"आणि नसला तर?"

"पुरावा समोर आहे."

"पुरावा अर्धा आहे."

"मग नाही म्हणा. तेही चालेल. मी आणखी पुरावा आणीन. रान पिंजून काढीन. नोकरी सोडावी लागली तरी सोडीन."

"नाही म्हणायलाही पुरावा लागतो," बुवा म्हणाले. "तो माझ्याकडे नाही."

दाजींना ते आवडलं नाही. "बुवा, नाही म्हणून टाका आणि मिटवा. उगाच पोरगा रानात मरायचा."

"दाजी, बसा. वेताळाच्या जुन्या वहाणा झिजतात त्या कोण झिजवतो?"

"कोण म्हणजे? वेताळ."

"पाहिलात?"

"वहाणा पाहिल्या की."

बुवांनी लवूकडे पाहिलं. "तू काय म्हणतोस?"

"उंदीर, वाळवी आणि पावसाळा," लवू म्हणाला.

"हे गावाला कधी सांगितलंस?"

"नाही."

"का?"

 लवूच्या ओठांच्या कडेला हसू आलं. "बाप करायचा त्या वहाणा. त्याच्या पोटावर पाय कशाला आणू?"

दाजी आधी चिडले, मग तेही हसले. "म्हणजे इतकी वर्षां तू गप ऱ्हवलस. शाणो आसस."

बुवा हसले नाहीत. त्यांनी घोंगडी खांद्यावर ओढून घेतली.

"तुझा बाप काय म्हणाला ते सांग. गाव काय म्हणतं ते नको. त्याने सांगितलं तसं."

लवूने सांगितलं. सांगताना तो जमिनीकडे बघत होता.

भिवा घाटावरून कच्चं कातडं आणत होता. भाद्रपदाचा पाऊस होता. व्हाळाच्या वर पाय घसरला, मोडला. हाक ऐकणारं कुणी नव्हतं. पाणी चढत होतं. मग कुणीतरी त्याला उचललं. लाकडाची मोळी टाकावी तसं खांद्यावर टाकलं. डोकं मागच्या बाजूला खाली लोंबत होतं. म्हणून तोंड दिसलं नाही. पाठीवरचे केस दिसले. आणि टाचा दिसल्या. पाण्यातून वर आल्यावर त्या टाचा दगडावर पडत होत्या, काट्यावर पडत होत्या. भेगाळलेल्या होत्या. भेगांतून रक्त येत होतं. भिवाने आयुष्यभर माणसांचे पाय पाहिले होते. त्याला दुसरं काही सुचलं नाही. तो त्या टाचांना म्हणाला, "बाबा, तुका व्हाणो करून देतलंय."

"मग?"

"मग तो थांबला. एवढंच बाप सांगायचा. तो थांबला, आणि पुन्हा चालू लागला. व्हाळाच्या अलीकडे जांभळीखाली बापाला ठेवलं. बापाने मान वळवेपर्यंत गेला होता."

 मी लाकूड फोडायचं थांबलो होतो...

"तुला पटलं होतं?" बुवांनी विचारलं.

"मी पुरावा गोळा करतोय."

"ते मी विचारलं नाही."

लवूने मान वर केली नाही.

"शाळेतली मुलं मला टाच म्हणायची," तो म्हणाला. "एकदा मी घरी येऊन बापाला म्हटलं, तुम्ही हे सांगणं बंद करा. त्यानंतर त्याने घरात कधी सांगितलं नाही."

"टाच केवढी होती म्हणाला?"

लवूने दोन्ही मुठी वळून एकमेकींना चिकटवून धरल्या. "अशा दाखवायचा. एवढी रुंद."

बुवांनी त्या मुठींकडे पाहिलं. मग प्लास्टरच्या पावलाकडे पाहिलं. त्याची टाच एका मुठीएवढी होती.

लवूनेही पाहिलं. आधीही पाहिलं असणार. आता मुठी सोडायला त्याला वेळ लागला.

"पायाचं माप दोन प्रकारची माणसं घेतात," बुवा म्हणाले. "एक माग काढणारा. एक वहाणा करणारा. तू कोण म्हणून घेतलंस?"

लवू गाठोड्याचं फडकं घडी करू लागला.

"वहाणा दिल्या का तुझ्या बापाने?"

"नाही."

"का?"

"ठाऊक नाही. चामडं आणून ठेवलं होतं. म्हशीचं, जाड, तळाला लागतं तसं. माळ्यावर आहे. कधी विकलं नाही. टंचाईच्या वर्षीही नाही. आईने एकदा विहिरीची मोट शिवायला मागितलं, तर बाप दोन दिवस जेवला नाही."

"मग अडलं कुठे?"

"म्हटलं ना, ठाऊक नाही."

"टाच पाहिली. चवडा पाहिला का?"

लवूने प्लास्टरच्या चवड्यावर हात ठेवला.

बुवा उठले. धुनीला प्रदक्षिणा घालून आत गेले. जाताना म्हणाले, "त्याच्याकडे चामडं होतं, माप नव्हतं."

दाजी आपला नारळ ठेवायचा विसरून तसेच हातात घेऊन परत गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी लवू आला. डोक्यावर गुंडाळलेलं चामडं. काखेत बापाची पेटी. त्याने पडवीच्या टोकाला जागा घेतली आणि चामडं पाण्यात भिजत घातलं.

"घरी का करत नाहीस?" मी विचारलं.

"घरी आई बघत बसते," तो म्हणाला.

बुवा बाहेर आले. त्यांनी चामडं पाहिलं.

"बुवा, एक विचारू?"

"विचार."

"हा ठसा अस्वलाचा निघाला तर? मी अस्वलाला वहाणा केल्या असं होईल."

"मग सैल होतील."

"घेणारा नसलाच तर?"

"उचललं होतं ना कुणीतरी? तुझा बाप मोडक्या पायाने व्हाळ ओलांडून आला की नाही?"

"आला. ते गावही नाकारत नाही."

"मग कर."

"लोक हसतील. बापाला एकदा हसले, मला दोनदा हसतील."

बुवा आंघोळीला निघाले होते. तसेच निघून गेले.

लवूने चामडं कापायची रापी काढली. धार लावली. बरीच वर्षं त्याच्या हातात फक्त खडू होता. पहिल्याच दिवशी शिवायची आरी अंगठ्यात घुसली. त्याने अंगठा तोंडात धरला, चिंधी बांधली आणि पुन्हा बसला. आधी जुन्या तुकड्यांवर हात बसवत होता; शिवण वाकडी गेली की उसवायचा. पुन्हा घालायचा. जेवायला हाक मारली तर म्हणायचा, होऊ दे. कॉलेजातून रजा संपल्याचं पत्र आलं. त्याने ते न उघडता पेटीखाली सरकवलं.

चामडं कापायचा दिवस आला. त्याने भिजवून मऊ केलेलं चामडं फरशीवर पसरलं. प्लास्टरचं पाऊल त्यावर ठेवलं. कोळशाने कडेने रेघ मारत आला. बोटं झाली. चवडा झाला. टाचेशी आल्यावर हात थांबला.

बुवा पडवीत बसले होते. लवू त्यांच्याकडे न बघता म्हणाला, "टाच कुणाच्या मापाची घेऊ? ठशाची, की बापाच्या बोलण्याची?"

बुवा चामड्याकडे बघत होते.

"ठसा माझ्या हातात आहे. मोजता येतो. बापाने पावसात, मोडक्या पायाने, उलटं लोंबताना पाहिलं."

बुवा म्हणाले, "वहाणा कुणी कबूल केल्या?"

लवूने पाऊल उचलून बाजूला ठेवलं. दोन्ही मुठी वळून एकमेकींना चिकटवल्या आणि चामड्यावर ठेवल्या. पण मग रेघ मारायला हात उरला नाही. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी कोळसा घेतला आणि त्याच्या मुठींच्या बाहेरून रेघ मारली.

त्याने रापी लावली. जाड चामडं होतं. रापी एका दमात जात नव्हती. त्याने गुडघा दाबून कापलं. टाच रुंद निघाली. ठसा त्यावर ठेवला असता तर दोन्ही बाजूंना चामडं उरलं असतं. दुसऱ्या पायाचा तळ त्याने हाच पालथा घालून कापला.

पट्टे बसवताना खाली पायासारखं काही लागतं, नाहीतर पट्टा किती सैल ठेवायचा ते कळत नाही. लवूने प्लास्टरचं पाऊल वहाणेत घातलं आणि वरून पट्टा ओढून ठोकू लागला. तिसऱ्या का चौथ्या घावाला पाऊल चवड्यातून मोडलं. दोन तुकडे झाले.

त्याने ते तुकडे हातात घेतले. बराच वेळ धरले... मग मोठा तुकडा पुन्हा पट्ट्याखाली सरकवला आणि उरलेले खिळे ठोकले.

त्याच संध्याकाळी दाजी डोकावले. विसरलेला नारळ द्यायला आलो म्हणाले. वहाणांकडे पाहत उभे राहिले.

"वादी बारीक घातलंस," ते म्हणाले. "भिवा जाड घालायचो. वेताळाक पण."

"माका येत नाय तेवढा."

"मगे शिक." दाजी गेले. पण जाताना हसले नाहीत.

लवूने ती वादी काढली आणि जाड कापून पुन्हा ओवली.

अमावास्येला दुपारी गाव देवळापुढे बसलं. वेताळाच्या वहाणा यंदा शेजारच्या गावाहून करून आणल्या होत्या. त्या पाटावर ठेवल्या होत्या, हळदकुंकू लावलेल्या. बायका एका बाजूला, पुरुष एका बाजूला, मानकरी पुढे. कोल्हापूरचे सर आज पुरावा दाखवणार, असं गावभर झालं होतं. लांबच्या वाडीतली माणसंही आली होती. काहीजण हसायच्या तयारीनेच आले होते.

लवू मठाच्या वाटेने उतरला. डोक्यावर त्याने केलेल्या वहाणा. वेताळाच्या नेतात तशाच, दोन्ही हातांनी धरलेल्या. अनवाणी. मागे बुवा. बुवांच्या मागे मी.

आमच्यात अशी वहाणांची जोडी समोरून जाऊ लागली की लोक उठतात आणि पायातलं काढतात. सवयच आहे ती. पुढच्या रांगेतली माणसं उठली. पायातलं काढलं. दाजींनीही काढलं. मग त्यांच्या ध्यानात आलं की वेताळाची जोडी तर पाटावर आहे. तोवर सगळं गाव अनवाणी उभं होतं.

कुणीतरी हसलं. पण हसून पायात घालायचं कसं, हे त्यालाही कळेना.

"लवू," दाजी म्हणाले. "पुरावो खंय आसा?"

"मोडलो."

"मगे ह्यो कोणाच्यो?"

"बापाशीचा देणा आसा, दाजीनू."

दाजींनी बुवांकडे पाहिलं. गावानेही पाहिलं. बुवा काहीतरी बोलतील म्हणून सगळे थांबले. आहे म्हणतील किंवा नाही म्हणतील.

बुवा म्हणाले, "वाट द्या."

वाट झाली. लवूची आई बायकांत उभी होती. तिने पदराने तोंड झाकून घेतलं होतं. रडत होती की काय ते मला दिसलं नाही. वहाणा जवळून गेल्या तेव्हा तिने हात लांब करून टाचेच्या जागी बोटं टेकवली. टाचेची रुंदी तिने बोटांनीच पाहिली. मग हात मागे घेतला.

देवळापासून व्हाळ लांब नाही. पाणी उतरलेलं होतं. दगड उघडे पडले होते. जांभळीखाली ओली रेती होती. दाजी थोड्या अंतराने मागे येत होते. पायात अजून काही नव्हतं. जांभळी दिसली तसे ते थांबले आणि तिथेच राहिले.

लवू गुडघ्यांवर बसला. वहाणा जांभळीच्या मुळाशी ठेवल्या. डावी डावीकडे, उजवी उजवीकडे. टाचा गावाकडे, चवडे रानाकडे. कुणी घालून चालू लागेल अशा.

मग त्याचा हात रेतीवर फिरला. वहाणांच्या भोवती त्याने रेती सपाट करायला घेतली. गुळगुळीत, एकसारखी. कुणी आलं तर पाऊल नीट उमटेल अशी. कॉलेजातली सवय. अर्धी रेती झाली तेव्हा त्याच्या लक्षात आलं की बुवा बघताहेत.

हात थांबला...

 बुवा तोंड फिरवून पाण्याकडे पाहू लागले.

लवू उठला. झाडाखालचा वाळलेला पाचोळा ओंजळीने उचलला आणि सपाट केलेल्या रेतीवर टाकला. पुन्हा उचलला, पुन्हा टाकला. रेती दिसेनाशी होईपर्यंत टाकत राहिला. मग हात झटकले.

त्याने वहाणांकडे एकदा पाहिलं. वाकून नमस्कार केला. कुणाला केला ते मला ठाऊक नाही.

आम्ही परत फिरलो. देवळाच्या वाटेला लागल्यावर लवू मागे न बघता म्हणाला,

"संशय नाही फिटला, बुवा."

"देणं फिटलं," बुवा म्हणाले.